जेट बोटीचा इंधन-हिशेब : टाकी भरली म्हणजे पल्ला गाठला असे नव्हे

धंद्यात पडलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वहीत दिसणारी रक्कम निराळी आणि हातात खेळणारी रक्कम निराळी. उधारीत अडकलेले येणे, कोपऱ्यात पडून राहिलेला माल, महिनाअखेरचे देणे हे सगळे वजा केल्यावर जे उरते, त्याच्याच भरवशावर उद्याची खरेदी करता येते. समुद्रात जाणाऱ्या लहान बोटीच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. टाकीत किती पेट्रोल आहे, याला फारसा अर्थ नाही. त्यातले वापरता येण्याजोगे किती, आणि संकटासाठी बाजूला ठेवायचे किती, हे कळले म्हणजे मग बोट किती लांब जाऊ शकेल ते सांगता येते. फरक इतकाच की, दुकानातला हिशेब चुकला तर चार लोकांकडे हात पसरता येतो. उघड्या समुद्रात हिशेब चुकला तर हात पसरायला समोर कोणी नसते.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कोकणातील आपल्या अनेक घराण्यांचा समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. आता पर्यटनामुळे किनाऱ्यावर वेगवान बोटी आणि वॉटर स्कूटर आल्या. त्यांवर कोणी चालक म्हणून काम करतो, कोणी इंजिनाचा मिस्त्री आहे, तर कोणी दोन-चार भागीदार मिळून बोट घेण्याचा विचार करतो आहे. अशा प्रत्येकाला हा हिशेब यायला हवा. तो काही कठीण नाही. गुणाकार, भागाकार आणि थोडी एहतियात एवढ्यावर भागते.

जेट बोट म्हणजे काय

साध्या बोटीला पाठीमागे पाण्यात फिरणारा पंखा असतो. जेट बोटीला तो बाहेर नसतो. बोटीच्या तळाला जाळी लावलेले एक तोंड असते. आतले इंपेलर नावाचे चक्र त्या तोंडातून पाणी ओढते आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकते. त्या धक्क्याने बोट पुढे जाते. तोटी डावी-उजवीकडे वळवली की बोट वळते. वॉटर स्कूटरचे तंत्रही हेच आहे.

न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात ही बोट व्यवहारात आणली. त्यांच्या भागातील नद्या उथळ व दगडगोट्यांनी भरलेल्या. तेथे पंख्याची पाती टिकत नसत. तळाखाली काहीच लोंबत नसल्यामुळे जेट बोट वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनी १९७७ साली तीन जेट बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून हिमालयाच्या दिशेने जी मोहीम काढली, ती याच प्रकारच्या बोटींची.

म्हणजे या बोटीचा जन्म नदीसाठी झाला आहे. नदीत दोन्ही हातांना काठ असतो. इंधन संपले तरी बोट काठाला लागते. आज मात्र त्याच तंत्राच्या वीस-चोवीस फुटी बोटी लोक उघड्या समुद्रात लांबवर नेऊ लागले आहेत. तेथे काठ नाही, आणि नदीत न जाणवणारे या बोटीचे काही दोष तेथे उघडे पडतात.

एक खरा मार्ग : मायामी ते बिमिनी

हिशेब समजण्यासाठी एखादा खरा मार्ग समोर असलेला बरा. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामी शहरापासून पूर्वेला बहामा देशाचे बिमिनी नावाचे बेट आहे. अंतर साधारण ८० किलोमीटर. धक्क्यापासून धक्क्यापर्यंत आपण हिशेबाला ४५ सागरी मैल धरू. हवा चांगली असली की लहान बोटी आणि वॉटर स्कूटरसुद्धा ताफ्याने हा टापू ओलांडतात. बिमिनीत इंधन विकत मिळते, पण मायामीपेक्षा महाग. मधल्या सगळ्या वाटेत ना पंप आहे, ना बंदर.

या दोन किनाऱ्यांच्या मधून गल्फ स्ट्रीम नावाचा प्रवाह वाहतो. मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूने येणारे हे गरम पाणी समुद्राच्या पोटातून जाणाऱ्या एखाद्या महानदीसारखे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. मध्यभागी त्याचा वेग ताशी तीन सागरी मैलांच्या आसपास असतो, कधी त्याहून जास्त. पूर्वेला जाणाऱ्या बोटीला तो सतत डावीकडे ढकलत राहतो.

पहिली वजाबाकी : टाकीतले सगळे आपले नव्हे

आपण उदाहरणासाठी चोवीस फुटांची एक बोट घेऊ. समजा तिची टाकी १९० लिटरची आहे. कारखान्याच्या कागदावर १९० लिहिले म्हणून १९० लिटर हाती आले, असे समजू नये. इंधन ओढणारी नळी टाकीच्या अगदी तळापर्यंत पोहोचत नाही. तळाशी थोडे पाणी व गाळ असतो. लाटांवर टाकीतले पेट्रोल हिंदकळते आणि टाकी रिकामी होत आली की नळीत पेट्रोलऐवजी हवा शिरते. म्हणून निदान दहावा भाग सोडून द्यावा. १९० मधून १९ गेले, उरले १७१ लिटर. पुढचा सगळा हिशेब १७१ चाच करायचा.

काट्यावर भरवसा ठेवू नये. टाकीचा आकार वर रुंद व खाली निमुळता असला तर काटा अर्ध्यावर आलेला असताना आत अर्ध्याहून कमी इंधन शिल्लक असते. बोटीचे नाक वर उचलले की काटा एक सांगतो, बोट सपाट झाली की दुसरे. आपल्या टाकीचा काटा किती खरा बोलतो, हे एकदा रिकाम्या टाकीत मापाने दहा-दहा लिटर ओतून पाहावे आणि लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट : खप स्वतः मोजा

पेट्रोल इंजिन पुऱ्या रेसवर चालताना एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक तृतीयांश लिटर किंवा त्याहून थोडे जास्त पेट्रोल जाळते. बोटवाल्यांचा ढोबळ आडाखा असा की, १०० अश्वशक्तीला तासाला १० अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर. त्या हिशेबाने २०० अश्वशक्तीचे इंजिन पुरी रेस दिल्यावर तासाला ७५ लिटरच्या आसपास पिते. १७१ लिटर सव्वादोन तासांत साफ. एवढ्यावरून पुऱ्या रेसने लांबचा प्रवास का परवडत नाही, ते ध्यानात यावे.

पण आडाखा तो आडाखाच. ताक्यावर छापलेली लांबी आणि आपल्या गजाने मोजलेली लांबी यांत आपण कापडवाले कोणावर विश्वास ठेवतो? आपल्या गजावर. बोटीचेही तसेच करावे. शांत पाण्यात पंपावर टाकी ठराविक खुणेपर्यंत भरावी. जितकी माणसे व जितके सामान लांबच्या प्रवासाला न्यायचे, तितकेच वजन बोटीत ठेवावे. मग एकाच फेऱ्यावर, म्हणजे मिनिटाला इंजिनाचे ठराविक फेरे राखून, तासभर बोट चालवावी. अर्धा तास एका दिशेने, अर्धा तास उलट दिशेने, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा परिणाम बराचसा फिटतो. उपग्रहावर चालणाऱ्या जी.पी.एस. यंत्रावर अंतर पाहावे. परत येऊन त्याच खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. जितके लिटर बसले, तो त्या तासाचा खप.

असे तीन निरनिराळ्या फेऱ्यांवर करावे आणि तीन ओळींचा तक्ता सुकाणूजवळ चिकटवावा : फेरे, वेग, तासाचे लिटर. नव्या बोटींवर खप दाखवणारा मीटर असतो. तोही या मापाशी ताडून पाहिल्याशिवाय खरा मानू नये. वर्षातून एकदा पुन्हा मोजावे. वाळू आणि खडे ओढून इंपेलरची पाती झिजतात, त्याच्याभोवतीच्या कड्याशी असलेली फट वाढते, आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये बोट कमी जाते.

कोणता वेग परवडतो

पुष्कळांना वाटते, हळू गेले की पेट्रोल वाचते. मोटारीला हे बऱ्याच अंशी लागू आहे, जेट बोटीला नेहमी नाही. या बोटीच्या तीन चाली असतात. पहिली, पाच-सहा मैलांची संथ चाल. बोट पाणी कापत जाते, तासाचा खप थोडा, पण वेळ फार लागतो. दुसरी, त्यापुढची अधली-मधली चाल. या वेळी बोट नाक वर करते, शेपूट पाण्यात रुततो, मागे मोठी लाट उठते. इंजिन झगडते आणि अंतर मात्र कापले जात नाही. मैलामागे सर्वांत जास्त पेट्रोल याच चालीत जळते. तिसरी, बोट उचलली जाऊन पाण्याच्या पाठीवरून घसरत धावते ती चाल. त्यातही बोट नुकतीच नीट उचलली गेली आहे, त्याच्या थोड्या वरचा वेग सर्वांत किफायतशीर पडतो. त्यापुढे जितकी रेस वाढवाल, तितका मैलाचा खर्च चढत जातो.

जेटचा पंप मधल्या वेगाला पंख्याच्या बोटीपेक्षा कमी काटकसरी असतो. म्हणून एखाद्या मित्राच्या पंख्याच्या बोटीला अमुक लिटर लागले, तर आपल्यालाही तितकेच पुरेल, हा हिशेब धरू नये.

आपल्या उदाहरणातील बोट शांत समुद्रात ताशी २५ सागरी मैल वेगाने तासाला ४८ लिटर पिते असे समजू. मैलामागे दोन लिटरला थोडे कमी. बिमिनीपर्यंत ४५ मैलांना १ तास ४८ मिनिटे आणि सुमारे ८६ लिटर. १७१ मधून ८६ गेले, ८५ उरले. कागदावर सगळे छान दिसते. आता समुद्र आपले देणे वसूल करायला येतो.

प्रवाह, लाटा आणि गवत

प्रवाहाचे आधी पाहू. ताशी २५ मैल वेगाची बोट पूर्वेकडे तोंड करून सरळ गेली आणि प्रवाह सरासरी तीन मैलांचा धरला, तर पावणेदोन तासांत ती पाच मैलांहून जास्त उत्तरेला सरकलेली असेल. बेट दिसायला हवे तेथे पाणीच दिसेल. म्हणून सुरुवातीपासून नाक थोडे दक्षिणेला, या वेगाला सुमारे सात अंश, धरून चालावे. एवढ्याने वेगात घट जवळजवळ होत नाही. पण काही कारणाने बोट सहा मैलांच्या संथ चालीवर आली, तर नाक तीस अंश वळवावे लागते आणि पुढे जाण्याचा वेग सहाचा जेमतेम सव्वापाच होतो. जितकी बोट संथ, तितका प्रवाहाचा वाटा मोठा.

लाटांचा खर्च याहून भारी. गल्फ स्ट्रीमचे पाणी उत्तरेला जात असताना वारा उत्तरेकडून आला, की वारा आणि पाणी यांची टक्कर होते. लाटा उंच, उभ्या आणि एकमेकींना खेटून येतात. म्हणून तेथील जाणते लोक वाऱ्यात उत्तरेचा अंश असला की निघत नाहीत. अशा लाटांत जेट बोटीची पंचाईत वेगळी असते. बोट लाटेवरून उडाली की तळाचे तोंड पाण्याबाहेर येते. पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. इंजिन किंचाळते, फेरे चढतात, पेट्रोल जळते आणि धक्का मात्र मिळत नाही. चालकाला वेग उतरवावा लागतो, वेग उतरला की बोट त्या महागड्या मधल्या चालीत बसते. आपल्या उदाहरणात समजा वेग २५ वरून १५ मैलांवर आला आणि खप तासाला ४२ लिटर राहिला. वरवर पाहता तासाचा खप कमी झाला. पण मैलाचा खप पाहा : आधी १.९२ लिटर होता, आता २.८ झाला. जवळजवळ दीडपट. तासाच्या आकड्याने फसू नये, मैलाचा आकडा पाहावा.

तिसरे देणे गवताचे. सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्री गवत या पाण्यात तरंगत असते. २०११ पासून अटलांटिकच्या उष्ण भागात आणि कॅरिबियन समुद्रात त्याचे प्रमाण फार वाढले आहे. त्याचे लांबच लांब पट्टे पाण्यावर पसरलेले असतात. साध्या पंख्याला ते गुंडाळते, पण जेटच्या जाळीवर ते पडद्यासारखे चिकटते. पाणी आत येणे कमी होते. फेरे वाढले आणि वेग पडला, तर समजावे की जाळी तुंबली. अशा वेळी रेस वाढवणे म्हणजे पेट्रोल फुकट घालवणे आणि पंप तापवणे. इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि मगच जाळी साफ करावी. किल्ली जागेवर असताना त्या तोंडात हात कधीही घालू नये. गवताचे पट्टे दिसले की वळसा घालावा लागतो. तो वळसाही पेट्रोलच्या हिशेबातच येतो.

तीन हिश्शांचा नियम

या सगळ्या अनिश्चित देण्यांसाठी बोटवाल्यांनी एक जुना नियम ठरवला आहे. वापरण्याजोग्या इंधनाचे तीन समान हिस्से करावेत. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, आणि एक हात न लावण्यासाठी. शिल्लक ठेवलेला तिसरा हिस्सा म्हणजे फाजील खर्च नव्हे. तो आपला राखीव निधी आहे. वारा पालटला, एखादी बोट बंद पडून तिला ओढत आणावे लागले, बंदराचे तोंड लाटांनी बंद झाले, तर खर्च त्यातून होतो.

आपल्या १७१ लिटरचे तीन हिस्से प्रत्येकी ५७ लिटरचे. बिमिनीला शांत समुद्रातही ८६ लिटर लागतात. म्हणजे ही बोट तेथे पेट्रोल न भरता जाऊन परत येऊ शकत नाही, हे निघण्यापूर्वीच वहीवर स्पष्ट झाले. शिल्लक राहिलेले ८५ लिटर परतीच्या ८६ ला पुरत नाहीत, मग राखीव तर दूरच. तेव्हा ही एका बाजूची खेप आहे आणि परतीचे पेट्रोल बिमिनीतूनच घ्यायचे आहे. म्हणून निघण्याआधी फोन करून तेथला पंप चालू आहे का, पेट्रोल शिल्लक आहे का, किती वाजता बंद होतो, याची खात्री करावी. बेटावर माल बोटीने येतो. तो संपला तर पुढची खेप येईपर्यंत पंप कोरडा राहतो.

वॉटर स्कूटरचा हिशेब याहून तंग. मोठ्या स्कूटरची टाकीही साधारण ७० लिटरची असते. ताशी ३० मैल वेगाला ती ३५ लिटर पीत असेल, तर ४५ मैलांना ५२ लिटर हवेत. दहावा भाग वजा केल्यावर हाती असतात ६३. उरतात ११. शांत समुद्रात पोहोचेल, पण लाटा उठल्या तर नाही. जादा पेट्रोल घेतलेल्या मोठ्या बोटीच्या सोबतीशिवाय असा इरादा करू नये.

परत फिरण्याची घटका

आता या लेखातील मुख्य मुद्दा. धंद्यात तोटा होऊ लागला की शहाणा माणूस आधीच ठरवून ठेवतो : इथपर्यंत थांबायचे, त्यापुढे नाही. भाव पडू लागल्यावर ठरवायला बसलो, तर मन आशेला लागते. समुद्रात हेच होते. अर्धी वाट कापली, आता थोडेच राहिले, असे म्हणत माणूस पुढे जातो. म्हणून परत फिरण्याची घटका धक्क्यावर असतानाच, कागदावर काढावी.

ती काढण्याची रीत अशी. वापरण्याजोगे इंधन १७१. त्यातून राखीव ५७ बाजूला. उरले ११४. त्याचे निम्मे ५७. जोवर जाळलेले पेट्रोल ५७ लिटरच्या आत आहे, तोवर परत फिरून राखीव हिश्शाला हात न लावता मायामी गाठता येते. ५७ लिटर जळले, की त्या घटकेला थांबून एक प्रश्न विचारायचा : पुढे जाण्यास किती लागेल?

शांत समुद्रात ५७ लिटर १ तास ११ मिनिटांत जळतात. तोवर सुमारे ३० मैल झालेले असतात. पुढे राहिले १५ मैल, म्हणजे २९ लिटर. पोहोचल्यावर ८५ लिटर हातात. जरूर पुढे जावे.

लाटांच्या समुद्रात, १५ मैलांचा वेग आणि ४२ लिटरचा खप असता, ५७ लिटर १ तास २१ मिनिटांत जळतात. तोवर झाले जेमतेम २० मैल. पुढे राहिले २५ मैल, त्यास ७० लिटर. बिमिनीला पोहोचताना हातात ४४ लिटर. म्हणजे राखीव हिस्सा फुटला, तोही हवा आणखी बिघडली नाही तर. उलट फिरल्यास २० मैलांना ५७ लिटर जाऊन मायामीत ५७ लिटर शिल्लक राहतात. अशा वेळी निर्णय एकच : नाक वळवावे.

घड्याळ आणि लिटर हे दोन आकडे एका कागदावर लिहून चालकासमोर ठेवावेत. बोटीत बसलेल्यांना ते निघण्यापूर्वीच सांगावे. मालक, पाहुणे किंवा भाडे देणारा गिऱ्हाईक यांच्यापैकी कोणाच्याही आग्रहाने त्या कागदावरचा आकडा बदलू नये. ज्याने सुट्टीचे पैसे मोजले आहेत, तो पुढे चला असेच म्हणणार. त्याचा हट्ट मोडण्याची जबाबदारी चालकाची आहे.

इंधन संपल्यावर काय होते, तेही जाणून असावे. जेट बोटीला पाण्याची धार हेच सुकाणू. इंजिन बंद पडले की धार बंद, आणि धार बंद की बोट वळवताही येत नाही. ती लाटेला आडवी होते. गल्फ स्ट्रीमचे पाणी इतके खोल आहे की लहान बोटीचा नांगर तळाला लागत नाही. प्रवाह ताशी तीन मैलांनी उत्तरेला नेतो. सहा तासांत १८ मैल. शोधायला येणारे लोक जेथे शोधतील, तेथे बोट नसते.

जादा डबे : सोय आणि जोखीम

राखीव वाढवण्यासाठी काही जण जादा डबे घेतात. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोला थोडे कमी भरते. २० लिटरचे चार डबे म्हणजे ६० किलो, एक माणूस जादा बसल्यासारखेच. त्या वजनाने खप वाढतो. म्हणून खप मोजताना डबे बोटीत ठेवूनच मोजावे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, बोटीच्या तळाशी साचते. एका ठिणगीने स्फोट होतो. डबे बोटीत ठेवून भरू नयेत. धक्क्यावर जमिनीवर ठेवून भरावेत, म्हणजे अंगावर साचलेली वीज जमिनीत जाते. उन्हात फुगण्यासाठी वर थोडी जागा सोडावी. उघड्यावर, हवेशीर जागी, दोरीने घट्ट बांधून ठेवावेत. इंजिन बोटीच्या पोटात असेल तर पेट्रोल भरल्यावर आतली हवा बाहेर काढणारा पंखा निदान चार मिनिटे चालवावा, नाकाने वास घ्यावा, आणि मगच किल्ली फिरवावी.

हलत्या बोटीवर डब्यातून टाकीत पेट्रोल ओतणे हे कागदावर सोपे आणि समुद्रात कठीण काम आहे. निम्मे सांडते, पाणी आत जाते. म्हणून जे डबे शांत पाण्यातच रिकामे करता येतील, त्यांना राखीव हिश्शात धरू नये. राखीव हिस्सा टाकीत असावा.

मापांची गफलत

गजाने घेतलेला माल मीटरने विकणाऱ्याला मापांची किंमत माहीत आहे. गज सुमारे ९१ सेंटिमीटरचा. शंभर गजांचा ताका शंभर मीटर समजून विकला, तर जवळजवळ नऊ मीटर खिशातून जातात. समुद्रात तीन जोड्यांची गफलत होते. सागरी मैल १,८५२ मीटरचा, जमिनीवरचा मैल १,६०९ मीटरचा. ४५ मैलांत फरक ११ किलोमीटरचा. अमेरिकी गॅलन ३.७८ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४ लिटरचा. ५० गॅलनच्या टाकीत फरक ३८ लिटरचा, म्हणजे आपल्या उदाहरणातील बोटीचा पाऊण तासाचा खप.

ही गफलत शिकलेल्या माणसांकडूनही होते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन मोजताना किलोऐवजी पौंडाचा गुणक धरला गेला. विमानातले काटेही बंद होते. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने ते घसरत आणून गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले, आणि सगळे वाचले. बोटीला असा उतार मिळत नाही. म्हणून एकच माप ठरवावे. लिटर आणि सागरी मैल. जे जे दुसऱ्या मापात असेल, ते आधी यात बदलून घ्यावे.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्याकडे गल्फ स्ट्रीम नाही, पण भरती-ओहोटी आहे. साधारण सहा-सहा तासांनी पाण्याची दिशा पालटते. खाडीच्या तोंडाशी हा ओढा जोरदार असतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अधिकच. किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या तांडेलाला हे तजुर्ब्याने माहीत असते. बोटीवर यंत्रे कितीही असली, तरी त्याला विचारण्यात कमीपणा मानू नये. ज्या वेळी जाताना ओहोटी साथ देते, त्याच वेळी लवकर परत फिरलात तर तीच अंगावर येते. तेव्हा परतीचा हिशेब जाण्याच्या आकड्याने करू नये, उलट्या पाण्याच्या आकड्याने करावा. दुपारनंतर किनाऱ्यावर वारा चढतो. सकाळी शांत दिसलेल्या समुद्रावरून संध्याकाळचा खप ठरवू नये.

निघण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

१. टाकीचा दहावा भाग वजा करून वापरण्याजोगे इंधन काढले का?

२. पुऱ्या वजनासह मोजलेला मैलाचा खप हातात आहे का? लाटांसाठी त्याची दीडपट धरून पाहिली का?

३. एक तृतीयांश राखीव ठेवून पल्ला पुरतो का? पुरत नसेल तर वाटेत कोठे भरणार, आणि तो पंप चालू असल्याची खात्री केली का?

४. परत फिरण्याचे लिटर आणि घड्याळाची वेळ लिहिली का?

५. इंपेलर, तळाची जाळी आणि पेट्रोलमधले पाणी गाळणारा फिल्टर पाहिला का? महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल टाकीत नाही ना?

६. आजचीच नव्हे, परतीच्या दिवसाची हवा पाहिली का?

७. कोठे जातो, किती वाजता पोहोचणार, किती माणसे आहेत, हे किनाऱ्यावरच्या भरवशाच्या माणसाला लिहून दिले का? वेळेवर निरोप न आल्यास त्याने कोणाला कळवायचे, हे सांगितले का? भारतीय किनाऱ्यावर तटरक्षक दलाचा संकटाचा क्रमांक १५५४ आहे. समुद्रातील रेडिओवर मदतीची वाहिनी सगळीकडे १६ आहे. पल्ल्याबाहेर मोबाइल चालत नाही, तेव्हा रेडिओ हवाच.

८. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे का?

जो नवी बोट घेण्याच्या विचारात आहे, त्याने विक्रेत्याला सर्वांत जास्त वेग किती, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे : टाकी किती लिटरची, बोट उचलली जाऊन निवांत धावते त्या वेगाला मैलामागे किती पेट्रोल लागते, आणि इंपेलरचे झिजणारे कडे जवळपास कोठे मिळते. या तीन उत्तरांवरून ती बोट किती कमावेल आणि किती दूर जाऊन सुखरूप परत येईल, हे दोन्ही कळते. भाड्याच्या धंद्यात नाव एका मोसमात होत नाही. दहा मोसम प्रत्येक गिऱ्हाईक कोरड्या कपड्यांनी धक्क्यावर उतरले, म्हणजे होते. त्यासाठी रोज रात्री बोट बांधल्यावर टाकीत उरलेले लिटर वहीत लिहावेत. ज्या दिवशी ते तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भरले, त्या दिवशी काही अपघात झाला नसला, तरी हिशेब चुकला होता असेच समजावे आणि दुसऱ्या दिवसाचा पल्ला कमी करावा.